कारणापासून किमतीपर्यंत : इंग्रजी करारकायद्यातील 'कन्सिडरेशन'

इंग्रजी करारकायद्यातील 'कन्सिडरेशन' या संज्ञेसाठी आपल्या संविदा अधिनियमाच्या मराठी पाठात 'प्रतिफल' हा शब्द योजलेला आहे. खरेदीखतासारख्या दस्तांत तीच जागा 'मोबदला' घेतो. आजच्या अर्थाला हे दोन्ही शब्द नेमके लागू पडतात. तरीही मूळ शब्दाच्या पोटात जे साठलेले आहे, ते या दोहोंत उतरत नाही. 'कन्सिडर' करणे म्हणजे विचारात घेणे. सोळाव्या शतकातील इंग्रज वकील 'कन्सिडरेशन' म्हणे तेव्हा वचन देणाऱ्याने काय विचारात घेऊन शब्द दिला, त्यामागचे कारण कोणते, असा त्याचा रोख असे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर येईतो त्याच शब्दाचा अर्थ 'शब्दाच्या बदल्यात काय मिळाले' एवढाच उरला. कारणाची जागा किमतीने घेतली. शब्दांचा अर्थसंकोच भाषेच्या अभ्यासकाला नवा नाही. आपण तो वर्गात रोज शिकवतो. पण येथे संकोचलेल्या अर्थापायी माणसांची घरे, मजुरी आणि उसनवारी पणाला लागली. म्हणून कायद्याचे पदवीधर नसतानाही आम्ही या विषयाकडे वळलो आहोत.

सिद्धान्त थोडक्यात असा. इंग्लंडमध्ये नुसते वचन, मग ते कितीही गांभीर्याने दिलेले असो, न्यायालयात बजावता येत नाही. ज्याला वचन दिले त्याने त्यापोटी काही दिलेले, केलेले किंवा सोडलेले असावे लागते. याला जुना अपवाद एकच : मोहोर उमटवलेला लेख, म्हणजे 'डीड'. (मोहोरेची गरज व्यक्तींच्या बाबतीत १९८९ च्या कायद्याने संपली, आता सही आणि साक्षीदार पुरतात.) युरोपातील बहुतेक अन्य देशांत, इतकेच काय, शेजारच्या स्कॉटलंडमध्येही, असा नियम नाही. तेथे कोणी विचारपूर्वक शब्द दिला, तर बदल्यात काही न घेताही तो त्याला बांधू शकतो. तेव्हा हा नियम माणसाच्या न्यायबुद्धीतून आपोआप उगवलेला नसून एका विशिष्ट बेटावरच्या न्यायालयीन वहिवाटीतून घडला, हे पहिल्यानेच ध्यानात घेतले पाहिजे.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये राजाच्या न्यायालयात जायचे तर ठराविक साच्यातला दावा आणावा लागे. मोहोरेचा लेख असला तर एक साचा, ठराविक रकमेचे देणे असले तर दुसरा. तोंडी वचनासाठी साचाच नव्हता. एखाद्या सुताराने घर बांधून देण्याचे कबूल केले आणि हत्यारालाही हात लावला नाही, तर १४०० च्या सुमारास न्यायाधीश विचारत, लेख कुठे आहे? लेख नसला तर विषय संपला. वाट काढली ती नुकसानीच्या दाव्याने. १३४८ मध्ये हंबर नदीवरच्या एका नावाड्यावर असा दावा झाला होता : त्याने घोडी पलीकडे नेण्याचे कबूल केले, नाव बेसुमार भरली आणि घोडी बुडाली. नावाड्याचे म्हणणे, हा करारभंगाचा मामला आहे आणि करार लेखी नाही. न्यायालयाने घोडीच्या मालकाची बाजू घेतली. कारण येथे शब्द नुसता मोडला नव्हता, वाईट कामाने हानी झाली होती. या फटीतून पुढच्या दोनशे वर्षांत 'असंप्सिट' नावाचा दावा वाढला. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'त्याने पत्करले'. आधी वाईट काम करणारा त्यात सापडे, नंतर काम मुळीच न करणाराही सापडू लागला.

साहित्याच्या विद्यार्थ्याला हा सगळा काळ एका नाटकामुळे परिचित आहे. 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मधील शायलॉकचा करारनामा मोहोरेचा आहे, ही गोष्ट वर्गात सहसा निसटते. पौंडभर मांसाची अट अमानुष ठरते, पण लेख बंधनकारक आहे की नाही हा प्रश्न नाटकात कोणीच उपस्थित करत नाही. पोर्शियालाही तो मान्य करूनच आतून फोडावा लागतो. मोहोर उमटली की 'का' हा प्रश्न संपतो. नाटक रंगभूमीवर आले त्याच सुमारास, १५९६ मध्ये, डेव्हन परगण्यातील जॉन स्लेड याने हम्फ्री मॉर्लेवर दावा लावला. शेतात उभे असलेले गहू आणि राय यांचे पीक मॉर्लेने सोळा पौंडांना घेतले होते आणि पैसे दिले नव्हते. मोहोर नव्हती, लेखही नव्हता.

देण्याच्या जुन्या दाव्यात प्रतिवादीला एक सोय असे. आपण देणे लागत नाही अशी शपथ घ्यायची आणि आपली शपथ खरी आहे असे सांगणारी अकरा माणसे उभी करायची. दावा तेथेच संपे. गावात माणूस माणसाला ओळखत होता तोवर या शपथेला वजन होते. लंडनच्या न्यायालयात अनोळखी माणसांच्या तोंडी ती पोकळ झाली. स्लेडच्या वकिलांना मॉर्लेला ही सोय मिळू द्यायची नव्हती, म्हणून त्यांनी देण्याचा दावा न लावता असंप्सिट लावला. स्लेडच्या बाजूने एडवर्ड कोक, मॉर्लेच्या बाजूने फ्रान्सिस बेकन. ज्याचे निबंध आपण इंग्रजी गद्याचा आरंभ म्हणून वाचतो तोच हा बेकन, आणि तो जुन्या शपथेची बाजू लढवत होता. १६०२ मध्ये निकाल स्लेडच्या बाजूने लागला. देणे लागणे म्हणजेच ते फेडण्याचे पत्करणे, असे न्यायालयाने मानले. शपथ मागे पडली आणि तोंडी व्यवहाराला राजाच्या न्यायालयाचे दार पुरते उघडले.

दार उघडले की उंबरठा लागतोच. प्रत्येक तोंडी शब्द न्यायालयात येऊ लागला तर घरातल्या मायेच्या बोलण्यापासून गुत्त्यातल्या बढाईपर्यंत सगळ्यांचे खटले होतील, ही भीती खोटी नव्हती. म्हणून न्यायाधीश विचारू लागले : तू हे कशाच्या 'कन्सिडरेशन'ने पत्करलेस? या प्रश्नाला त्या काळी नाना उत्तरे चालत. पैसा, श्रम, वस्तू, ठरलेले लग्न. आणि जमिनीच्या विश्वस्तव्यवहारात तर आणखी एक उत्तर चालले, जे आम्हांस फार महत्त्वाचे वाटते. १५६५ मध्ये शॅरिंग्टन विरुद्ध स्ट्रॉटन या खटल्यात अँड्र्यू बेन्टन या गृहस्थाने आपली जमीन भाऊ एडवर्ड याच्या घराण्याकडे जावी अशी तजवीज केली होती. त्यामागची कारणे त्याने सांगितली ती दोन : घराण्याच्या नावात जमीन टिकावी, आणि भावावरचे प्रेम. एक पैही हातात पडलेली नव्हती. न्यायालयाने ही कारणे पुरेशी मानली. म्हणजे प्रेम हे 'कन्सिडरेशन' होते, पण जमिनीपुरते. असंप्सिटच्या बाजारी दाव्यात त्याला प्रवेश मिळाला नाही.

आता १८४२ कडे येऊ. जॉन थॉमस नावाचा माणूस मरणाच्या आदल्या संध्याकाळी साक्षीदारांसमक्ष सांगतो की आपल्यामागे बायकोला राहायला घर मिळावे, अथवा शंभर पौंड. मृत्युपत्रात तसे लिहिलेले नव्हते. त्याच्या व्यवस्थापकांनी मृताच्या इच्छेला मान देऊन विधवेशी करार केला : तिने पुनर्विवाह न करता हयातभर घरात राहावे, वर्षाला एक पौंड द्यावा आणि घराची डागडुजी ठेवावी. पुढे दोघांपैकी एक व्यवस्थापक वारला आणि उरलेल्याने तिला बाहेर काढले. एलेनर थॉमस न्यायालयात गेली आणि जिंकली. पण कशाच्या बळावर जिंकली हे पाहण्यासारखे आहे. न्यायमूर्ती पॅटिसन यांनी स्पष्ट केले की नवऱ्याची अखेरची इच्छा हा हेतू झाला, आणि हेतू म्हणजे 'कन्सिडरेशन' नव्हे. विधवेला वाचवले ते त्या वार्षिक पौंडाने आणि डागडुजीच्या जबाबदारीने. करारात इच्छेचा उल्लेख अग्रभागी होता, ती सगळ्यांना ठाऊक होती, करार झाला तो तिच्यामुळेच. आणि कायद्याच्या दृष्टीने तिचे वजन शून्य. एका शब्दाचा अर्थ पुरता उलटल्याचे इतके नितळ उदाहरण आम्हांला दुसरे आढळलेले नाही. सोळाव्या शतकातील वकिलाने पहिल्याने सांगितले असते ते कारण, एकोणिसाव्या शतकातील न्यायाधीश बाजूला सारतो.

या अरुंद होत चाललेल्या वाटेवर मधल्या काळात एकदा मोठा बांध घालून पाहण्यात आला होता. लॉर्ड मॅन्सफील्ड १७५६ पासून तीन दशके किंग्ज बेंचचे मुख्य न्यायमूर्ती होते. जन्माने ते स्कॉट, आणि नुसते वचन बांधू शकते हे त्यांच्या मायभूमीच्या कायद्यात वावगे नव्हते. १७६५ मध्ये रॉटरडॅमच्या पिलन्स या पेढीचा दावा त्यांच्यापुढे आला. लंडनच्या व्यापाऱ्यांनी एका आयरिश व्यापाऱ्याची हुंडी स्वीकारण्याचे पत्राने कबूल केले होते. तो बुडाल्यावर ते फिरले आणि म्हणाले, आम्हांला बदल्यात काही मिळालेच नव्हते. मॅन्सफील्ड यांनी विचारले ते असे की 'कन्सिडरेशन' हवे कशासाठी? पुराव्यासाठी. माणसाने शब्द गंभीरपणे दिला की सहज, हे कळावे म्हणून. मग व्यापाऱ्याने लिहून दिले असेल तर तो पुरावा झालाच. तेरा वर्षांनी, १७७८ मध्ये, रॅन विरुद्ध ह्यूज या खटल्यात लॉर्डांच्या सभागृहाने ही वाट बुजवली. करार दोनच जातींचे, मोहोरेचे आणि बिनमोहोरेचे. लिहिलेला पण बिनमोहोरेचा करार तोंडी करारातच जमा, असे मुख्य बॅरन स्किनर यांनी सांगितले. मॅन्सफील्ड यांनी १७८२ मध्ये दुसरा मार्ग काढला : नैतिक बांधिलकी हेदेखील 'कन्सिडरेशन' होय, सचोटीचा माणूस जे स्वतःहून फेडील ते फेडण्याचे वचन बंधनकारक समजावे.

तो मार्ग १८४० मध्ये ईस्टवूड विरुद्ध केनियन या खटल्याने बंद झाला. सारा सटक्लिफ ही बापामागे उरलेली अज्ञान मुलगी. जॉन ईस्टवूड याने तिचा सांभाळ केला, तिच्या शिक्षणासाठी आणि मिळकतीच्या सुधारणेसाठी स्वतःच्या सहीने एकशे चाळीस पौंड कर्ज काढले. मुलगी सज्ञान झाली, कर्ज फेडण्याचे तिने मान्य केले, एक वर्षाचे व्याज दिलेही. मग तिचे लग्न झाले. केनियन हा तिचा नवरा. त्यानेही फेडण्याचे वचन दिले आणि दिले नाही. लॉर्ड डेनमन यांनी ईस्टवूडचा दावा फेटाळला. उपकार आधी घडून गेला होता आणि वचन नंतर आले होते. गेलेली गोष्ट नव्या वचनाची किंमत होऊ शकत नाही. डेनमन यांचा युक्तिवाद तर्काला धरून आहे हे नाकारता येत नाही : वचन दिले की ते पाळण्याची नैतिक बांधिलकी येतेच, ती पुरेशी मानली तर 'कन्सिडरेशन'ची अटच उरत नाही. पण या तर्काचा शेवट एका पोरक्या मुलीला शिकवणाऱ्या माणसाने ते कर्ज स्वतःच्या खिशातून भरण्यात झाला, हेही नाकारता येत नाही. आमच्या मते अट उरली नसती तर बिघडले नसते. स्कॉटलंड बुडालेले नाही.

पाठचिकित्सेची आवड असणाऱ्यांनी १८०९ चा स्टिल्क विरुद्ध मायरिक हा खटला अवश्य पाहावा. बाल्टिक समुद्रात गेलेल्या जहाजावरून क्रॉनस्टाटला दोन खलाशी पळाले. बदली माणसे मिळेनात, तेव्हा कप्तानाने उरलेल्यांना सांगितले की जहाज लंडनला न्या, पळालेल्यांचा पगार तुमच्यांत वाटून देतो. जहाज पोचले, वाटप झाले नाही. लॉर्ड एलेनबरो यांनी खलाशांना नकार दिला एवढे निश्चित. पण का दिला याचे दोन पाठ आहेत. एस्पिनास याच्या वृत्तान्तानुसार कारण सार्वजनिक धोरणाचे : संकटात सापडलेल्या कप्तानाकडून खलाशी वाटेल ते उकळतील. कॅम्बेल याच्या वृत्तान्तानुसार ते कारण बाजूला ठेवून न्यायमूर्ती म्हणाले की खलाशी आधीच्या करारानेच जहाज परत आणायला बांधलेले होते, म्हणून नव्या वचनाला 'कन्सिडरेशन' नाही. एस्पिनास वृत्तान्तकार म्हणून बेभरवशाचा ठरला. कॅम्बेल पुढे लॉर्ड चॅन्सेलर झाला. साहजिकच कॅम्बेलचा पाठ प्रमाण ठरला आणि जवळजवळ दोन शतके कायदा त्यावर चालला. ज्ञानेश्वरीच्या पाठभेदांवर आपण जेवढी शाई खर्च करतो, तिचा थोडा अंश तरी या दोन वृत्तान्तांना मिळायला हरकत नव्हती.

दुसरीकडे, किंमत हवी म्हणणारा हाच कायदा ती किती हवी हे कधी विचारत नाही. मिरीचा एक दाणाही पुरतो, हे तेथील वकिलांचे आवडते उदाहरण. १९५९ मध्ये चॉकलेटच्या तीन रिकाम्या वेष्टनांनाही लॉर्डांनी 'कन्सिडरेशन'चा भाग मानले. नेस्ले कंपनी गाण्याच्या ध्वनिमुद्रिकेसाठी दीड शिलिंगाबरोबर ती वेष्टने मागवत असे आणि आल्यावर फेकून देत असे. फेकून द्यायच्या कागदाला जे स्थान मिळाले ते मरणाऱ्या नवऱ्याच्या इच्छेला मिळाले नव्हते. धनकोने शब्द फिरवला तरी त्याला हाच नियम साथ देतो : श्रीमती बिअर यांनी डॉक्टर फोक्स यांना मुद्दल हप्त्यांनी फेडल्यास पुढे कारवाई न करण्याचे लेखी कबूल केले, मुद्दल पुरते वसूल झाल्यावर व्याज मागितले, आणि १८८४ मध्ये लॉर्डांनी ते त्यांना देववले.

विसाव्या शतकातील पडझड थोडक्यात सांगता येते. १९३७ मध्ये कायदासुधार समितीने लेखी वचनाला 'कन्सिडरेशन'ची गरज नसावी असे सुचवले, म्हणजे मॅन्सफील्ड यांचेच म्हणणे पुन्हा मांडले. त्यावर कायदा झाला नाही. १९४६ मध्ये न्यायमूर्ती डेनिंग यांनी, शब्दावर विसंबलेल्या माणसाला बचावापुरता तरी आधार दिला. १९८९ मध्ये अपील न्यायालयाने एका सुताराला आधीच कबूल केलेल्या कामासाठी वाढीव रकमेचे वचन बजावून दिले, कारण वचन देणाऱ्या ठेकेदाराला त्यातून व्यावहारिक लाभ होता. क्रॉनस्टाटच्या खलाशांना हा युक्तिवाद दोन शतके उशिरा आला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फोक्स-बिअर निकाल फेरविचाराला पिकलेला असल्याचे म्हटले, आणि तो तसाच ठेवला.

आपल्याकडे हा शब्द आला तो १८७२ च्या करार अधिनियमातून. मसुदा लंडनमध्ये बसलेल्या आयोगाचा, अखेरचा हात जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांचा. व्हर्जिनिया वुल्फ यांचे ते चुलते. या अधिनियमाने नियम आणला, पण त्याच्या कडा बोथट करून. कलम ६३ अन्वये धनकोने सोडलेले देणे सुटते. श्रीमती बिअर येथे हरल्या असत्या. कलम २ प्रमाणे मोबदला तिऱ्हाइताने दिलेला चालतो आणि विनंतीवरून आधी दिलेलाही चालतो. कलम २५ मध्ये तर न मागता केलेल्या कामाची भरपाई करण्याचे वचनही बंधनकारक आहे. ईस्टवूडला आपल्याकडे या कलमांचा आधार शोधता आला असता. कैकेयीची गोष्टही येथे आठवते : युद्धात तिने दशरथाला वाचवले ते आधी, वर मिळाले ते नंतर. वेस्टमिन्स्टरमध्ये दशरथाच्या वकिलाने 'घडून गेलेला उपकार' म्हणून दावा उडवला असता. कलम २५ खाली त्याला घाम फुटला असता. रामायण मात्र त्या उपकाराच्या हिशेबावर चालत नाही, दशरथाच्या शब्दावर चालते.

पण कलम २५ चे पहिले पोटकलम आम्हांला अधिक मोलाचे वाटते. जवळच्या नात्यातल्या माणसांनी नैसर्गिक प्रेम व ममता यांपोटी लिहून नोंदवलेला करार मोबदल्याविना वैध आहे, असे ते सांगते. बेन्टन बंधूंच्या खटल्यात चाललेले, इंग्रजी करारकायद्याने दाराबाहेर ठेवलेले कारण असे हिंदुस्थानच्या कायद्यात शिरले. आपल्या बक्षीसपत्रांत आजही 'प्रेमापोटी' हा शब्द भेटतो, तो याच कुळातला.

प्रेम कायद्यात आले की ते आहे की नाही हे ठरवणेही न्यायालयाकडे येते. १८९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे भिवा आणि शिवराम या भावांचा वाद होता. एकाने दुसऱ्याकडे मिळकतीचा हिस्सा मागितला होता. दुसऱ्याने ती वडिलोपार्जित नाही अशी शपथ घेतली आणि दावा फेटाळला गेला. म्हणजे स्लेडच्या खटल्याने इंग्लंडात मागे पाडलेली शपथ येथे एका भावाला तारून गेली. त्यानंतर शपथ घेणाऱ्याने आपण होऊन नोंदणीकृत लेखाने निम्मी मिळकत भावाला लिहून दिली, आणि मग ती देईना. न्यायालयाने लेख बंधनकारक ठरवला : भावाशी समेट व्हावा म्हणून जिंकलेली मिळकत देऊ करणारा माणूस प्रेमापोटीच तसे करतो. पुढच्याच वर्षी कलकत्त्याला एक पत्नी असाच नोंदलेला लेख घेऊन उभी राहिली. नवऱ्याने तिला वेगळे राहण्यासाठी खर्च लिहून दिला होता. लेखातच दोघांच्या भांडणांचा उल्लेख होता. न्यायालयाने लेख वाचला आणि त्यात प्रेम आढळत नाही म्हणून तिचा दावा फेटाळला. भावांचे भांडण प्रेमाचा पुरावा ठरले, नवराबायकोचे भांडण प्रेम नसल्याचा. आणि दोन्ही ठिकाणी लेख नोंदवणाऱ्याला आपला शब्द मोडायचा होता.